‘प्युअर’ म्हणजे शुद्ध, निर्भेळ की अस्सल? व्हिक्टोरियाकालीन जाहिरातींतील एका शब्दाविषयी

प्रश्न :

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या जाहिरातींवरील एका लेखाचे मराठी भाषांतर करताना ‘प्युअर’ हा शब्द मला पानोपानी अडवतो आहे. चहा, कोको, मोहरीची पूड, साबण, रक्तदोषावरची औषधे, सगळेच ‘प्युअर’. कॅडबरीच्या कोकोचे घोषवाक्य होते ‘अ‍ॅब्सोल्यूटली प्युअर, देअरफोर बेस्ट’. त्याचे मी ‘संपूर्ण शुद्ध, म्हणूनच सर्वोत्तम’ असे केले खरे, पण वाचताना ते तुपाच्या डब्यावरचे वाक्य वाटते. येथे ‘निर्भेळ’ चालेल का, की ‘अस्सल’ बरे?

पहिले उत्तर :

माझा कौल ‘निर्भेळ’ला. ‘शुद्ध’ हा शब्द एकटा उभा राहू शकतो. शुद्ध हवा किंवा शुद्ध हेतू म्हणताना अशुद्धाची आठवण व्हावीच असे नाही. ‘निर्भेळ’ मात्र भेळ, म्हणजे मिश्रण, गृहीत धरूनच बोलतो. (चौपाटीवरच्या भेळेचे नावही त्याच अर्थातून आलेले आहे, आणि ती निर्भेळ असावी अशी कोणाची अपेक्षा नसते.) त्या काळच्या इंग्रज गिऱ्हाईकाने डब्यावर ‘प्युअर’ वाचले की त्याच्या मनात आधी भेसळच येत असे, कारण तिची चर्चा घरोघर पोहोचलेली होती.

व्हिक्टोरिया गादीवर येण्यापूर्वीच, १८२० साली, लंडनमध्ये स्थायिक झालेल्या फ्रेडरिक अ‍ॅकम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अन्नातील भेसळीवर पुस्तक लिहून खळबळ उडवली होती. खरा घाव बसला तो १८५१ ते १८५४ या काळात. डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी बाजारातून माल विकत आणून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्याचे निष्कर्ष छापले. पावात तुरटी, कॉफीत चिकोरी, लोणच्यांच्या हिरवेपणासाठी तांबे. मोहरीच्या पुडीत गव्हाचे पीठ, आणि पिठामुळे उतरलेला पिवळा रंग परत आणण्यासाठी हळद. आपल्या फोडणीतले हे जोडपे तिकडे असे बदनाम व्हावे, याची मला मौज वाटते. ‘लॅन्सेट’ने नमुने विकणाऱ्यांची नावे आणि पत्तेही छापले, आणि ज्यांचा माल चांगला निघाला त्यांचीही नावे दिली. चोख व्यापाऱ्याला फुकटची जाहिरात मिळाली. पुढे वैद्यकीय नियतकालिकांचे आणि विश्लेषक रसायनज्ञांचे अभिप्राय जाहिरातीत छापण्याची जी रीत पडली, तिचे मूळ मला येथे दिसते.

१८५८ साली ब्रॅडफर्डमध्ये पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसे दगावली आणि २०० हून अधिक आजारी पडली. साखर महाग म्हणून गोळ्यांत स्वस्त पांढरी भुकटी मिसळण्याचा रिवाज होता. ती आणायला पाठवलेल्या माणसाला औषधविक्रेत्याच्या मदतनिसाने चुकून सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, दिला. चूक झाली ती भेसळीच्या मालात. ती झाली नसती तर तेथे कोणालाच काही वावगे वाटले नसते. अशा बाजारात ‘प्युअर’ या शब्दाचा पहिला अर्थ ‘यात दुसरे काही घातलेले नाही’ असाच होणार. म्हणून ‘निर्भेळ’.

दुसरे उत्तर :

वरील विवेचन मान्य आहे, परंतु कोकोच्या उदाहरणात एक मेख आहे. कोकोच्या बियांत चरबी पुष्कळ असते आणि ती पेयावर तरंगते. ती शोषून घेण्यासाठी बटाट्याचे सत्त्व, साबूदाण्याचे पीठ असे पदार्थ घालण्याची पद्धत होती आणि कॅडबरीही तसा कोको विकत असे. १८६६ मध्ये या कंपनीने हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांच्या पद्धतीचे दाबयंत्र आणले, चरबीचा बराच भाग पिळून काढला आणि ‘कोको इसेन्स’ बाजारात ठेवला. चरबी गेल्यावर पिठाची गरज उरली नाही. म्हणजे येथे ‘प्युअर’ म्हणून विकलेल्या वस्तूत काही मिसळलेले नव्हते हे खरे, पण तिच्यातून पुष्कळ काढून घेतलेले होते. ‘निर्भेळ’ हा शब्द या कसोटीला उतरतो, कारण तो फक्त घातलेल्याविषयी बोलतो. ‘अस्सल’ मात्र डगमगतो. अस्सल म्हणजे मुळाबरहुकूम, आणि मुळातली चरबी तर बाजूला काढली आहे.

‘अस्सल’ला खरी जागा आहे ती हॉर्निमनच्या चहाकडे. जॉन हॉर्निमन यांनी १८२६ पासून चहा बंद पुड्यांतून विकायला सुरुवात केली. तोवर चहा पेटीतून सुटा काढून दिला जाई आणि वाण्याच्या फळीवर त्यात काय पडेल याचा नेम नसे. पुडीवरचे नाव आणि वजन ही हमी होती, आणि ती दुकानदारावरच्या अविश्वासातून जन्मली होती. तेथे ‘प्युअर’ आणि ‘जेन्युइन’ हे शब्द जवळजवळ एका अर्थाने येतात : आम्ही बांधले तेच तुमच्या हाती पडले.

प्रश्नकर्त्याची पुरवणी :

कोको आणि चहाचे उमगले. मग रक्तदोषावरच्या औषधांचे काय? तेथे ‘निर्भेळ’ लिहिले तर हसू येते.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून :

हसू येते, कारण तेथे शब्दाचा कर्ताच बदललेला आहे. चहा स्वतः शुद्ध असतो. औषध तुमचे रक्त शुद्ध करते. क्लार्कचे ‘ब्लड मिक्श्चर’ हे तर नावातच मिश्रण, आणि जाहिरात रक्तशुद्धीची! जाहिरातदाराने दोन अर्थांची सरमिसळ सोयीने होऊ दिली, असे माझे मत आहे. सुदैवाने मराठीत ‘रक्तशुद्धी’ हा आयुर्वेदातून रुळलेला शब्द तयार आहे, तोच वापरावा. साबणालाही ‘शुद्ध’च लिहावे, कारण पेअर्सच्या जाहिरातीत साबणाचा गुण आणि कांतीचा गुण मुद्दामच एकमेकांत मिसळलेले असतात.

कायद्याची एक बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. १८७५ च्या अन्न व औषध विक्री कायद्याने गिऱ्हाईक जी वस्तू मागते तिच्या ‘स्वरूप, द्रव्य आणि प्रती’शी न जुळणारा माल त्याच्या माथी मारणे हा गुन्हा ठरवला. मात्र माल मिश्र असल्याची चिठ्ठी डब्यावर लावली आणि लबाडीचा हेतू नसला तर विक्रेता सुटे. त्यामुळे पीठ घातलेली मोहरी उघडपणे विकता येत राहिली आणि ‘प्युअर’ या शब्दाला दुकानात एक राजरोस प्रतिस्पर्धी मिळाला. मालकी हक्काची औषधे तर त्या कलमातून वगळलेलीच होती. ज्याची कृती गुप्त, त्यात भेसळ झाली हे ठरवणार कसे? ‘एका डबीचे मोल एक गिनी’ अशी जाहिरात करणाऱ्या बीचमच्या गोळ्या ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने तपासून १९०९ मध्ये निकाल छापला, तेव्हा त्यांत काळा बोळ (कोरफडीचा वाळवलेला रस), सुंठ आणि साबण निघाला. या गोळ्यांना निर्भेळ म्हणावे की नाही, हे व्याकरणाच्या बाहेरचे आहे.

तिसरे उत्तर :

थोडी पुस्ती. विरोधी वस्तूमुळे शब्दाचा अर्थ कसा सरकतो, याचे घरचे उदाहरण ‘साजूक’ हे आहे. साजूक म्हणजे मुळात ताजे. वनस्पती तूप बाजारात आल्यावर ‘साजूक तूप’ म्हणजे दुधापासूनचे खरे तूप, असा अर्थ पक्का झाला आणि आता वर्षभर जुने तूपही साजूक असू शकते. उलट ‘निर्भेळ’ हल्ली किराण्यातून जवळपास हद्दपार होऊन यशाला आणि आनंदाला जाऊन चिकटला आहे. म्हणून ‘निर्भेळ कोको’ आजच्या वाचकाला किंचित अलंकारिक वाटेल. पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘भेसळ नसलेला’ असे सरळ लिहावे आणि मग ‘निर्भेळ’वर यावे.

प्रश्नकर्त्याकडून :

आभार. घोषवाक्य ‘पूर्णपणे निर्भेळ, म्हणूनच उत्तम’ असे करतो आहे, आणि त्याआधीच्या परिच्छेदात भेसळीचा उल्लेख येतच असल्याने ते खटकणार नाही. हॉर्निमनच्या पुडीवर ‘अस्सल’, साबणाला ‘शुद्ध’, औषधांना ‘रक्तशुद्धी’. एका इंग्रजी शब्दाला चार मराठी शब्द लागल्याची तळटीप मात्र द्यावी लागेल.