रॉकेट चुलीला आच कमी का लागते? माझं मत: चूल जड बांधता म्हणून

राखेचा_हिशेब
घरी रॉकेट चूल (खालच्या आडव्या तोंडातून काटक्या सारायच्या आणि जाळ उभ्या नळीतून वर भांड्याला लागतो, ती) करणाऱ्यांची ठरलेली तक्रार: जाळ झकास दिसतो, पण पाणी काही उकळत नाही. मग सगळे सरपणाला शिव्या घालतात. खरा दोष जड बांधणीचा. साध्या विटा, सिमेंट, वाळू-माती उष्णता अडवत नाहीत, पितात. अमेरिकी अभियंते लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात ही चूल मांडली, तेव्हाही जाळाच्या जागेभोवती हलकं, हवा धरून ठेवणारं आवरण हा तिचा गाभा होता. एकात एक दोन नळकांडी घ्या, मधे चाळलेली कोरडी राख भरा, ठासू नका. आतली भिंत रसरसली की धूरसुद्धा जळतो. एरवी तो काजळी होऊन भांड्याला चिकटतो. विटांची चूल सरळ मोडा.

मातीवाला
मोडा काय मोडा! माझी चूल जड मातीची आहे. पहिल्या चहाला वेळ खाते, कबूल. पण एकदा तापली की पुढचा सगळा स्वयंपाक दोन काटक्यांवर निघतो. तुमच्या आतल्या पत्र्याचे पापुद्रे सुटायला लागले की कळेल.

राखेचा_हिशेब
दिवसभर पेटती ठेवणार असाल तर ठीक. अर्धा तास पेटवून विझवणाऱ्याची उष्णता भिंतीतच राहते आणि भांडं उतरवल्यावर बाहेर येते. ती काय कामाची? पत्रा झिजतो हे खरं, म्हणून आतली नळी बदलता येईल अशी सुटी ठेवायची. फक्त गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, तापल्यावर जस्ताचा विषारी धूर निघतो.

फटफजिती
दोघंही चुलीच्या पोटातच अडकलात. भांड्याखालची फट कुणी मोजली का? गरम वायू तळाला जेमतेम शिवून निसटत असतील तर आत कितीही रसरसू दे. नळीचा व्यास १० सेंमी असेल तर छेदाचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौ. सेंमी. भांडं २४ सेंमी व्यासाचं, म्हणजे घेर ७५ सेंमी. वायूंना फटीतूनही नळीइतकीच वाट मिळायला हवी, म्हणून क्षेत्रफळाला घेराने भागा: फट १ सेंमीच्या आसपास हवी. लोक तीन-तीन विटांचे तुकडे लावून भांडं उंच टांगतात आणि मग इथे येऊन रडतात! भांड्याभोवती तेवढीच फट ठेवून पत्र्याचं कडंही लावा. अरुंद वाटेतून वायू जोरात जातात, भांड्याला चिकटलेला हवेचा थर पातळ होतो आणि बाजूंनाही आच लागते. फट फारच कमी झाली तर चूल गुदमरते, लाकूड घालायच्या तोंडातून धूर येतो. तसं झालं की भांडं थोडं उचला.

मातीवाला
म्हणजे चार भांड्यांना चार कडी? कागदावर छान आहे.

फटफजिती
रोजच्या मोठ्या भांड्याला एक करा. बाकीच्यांना नुसती खालची फट जमवली तरी फरक दिसेल.

ओली_काडी
आणि तोंड लाकडांनी ठासून भरणाऱ्यांचं काय? लाकडाखाली जाळी ठेवून खालून हवा येऊ द्या. बारीक, खडखडीत वाळलेल्या काटक्यांची फक्त टोकं जळू द्या, जळतील तशी आत सारा. लाकूड ओलं असेल तर अर्धी आच पाणी उडवण्यातच जाते.

राखेचा_हिशेब
अर्धी? काहीतरीच! पण पाणी उडवायला आच जाते हे खरं. म्हणूनच जी उरते ती भिंतीला पाजू नका म्हणतोय.

मातीवाला
माझी भिंत माझी आच पिते, तुम्हाला का चटका बसतोय?