भात बंद करूनही सासूबाईंची फास्टिंग (सकाळची उपाशीपोटीची) शुगर १५० च्या वरच, काय चुकतंय?

कळव्याची_सून
मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. सासूबाई ६३ वर्षांच्या, फेब्रुवारीत तळपायाला मुंग्या येतात म्हणून दाखवलं तर टाइप टू डायबेटिस निघाला, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) ८.४. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी दिलीये, जोडगोळीच म्हणा, सकाळी नाश्त्याआधी एक आणि रात्री जेवणाआधी एक. शुगर तपासायचं मशीन घेतलं, रोज सकाळी नातवाचा डबा भरून झाला की त्या बोट टोचतात आणि कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा लिहितात.

आता गंमत अशी की माहेर गुहागरचं, भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही म्हणणारी बाई, तिने चार महिने भाताला हात लावला नाहीये. साखर बंद, चहा बिनसाखरेचा, दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी. तरी फास्टिंग १४८, १५६, १६२ असंच येतं, मागच्या गुरुवारी तर २४१ आलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. आकडा उतरत नाही म्हणून आता दोन आठवडे रात्रीचं जेवणच सोडलंय, गोळी न चुकता घेतात आणि वाटीभर पपई खाऊन झोपतात. टेन्शन पण खूप घेतलंय, पाऊस सुरू होऊन एवढा गारवा आलाय तरी रात्री दोन-तीनला घामाघूम होऊन उठतात, मग चिडचिड. मी महापेला ऑफिसला, घरी यायला आठ वाजतात, समोर बसून बघायला कोणी नाही. भाकरीने पण शुगर वाढते का? अजून काय बंद करू?

तलावपाळीचा_भटक्या
ताई, अजून काही बंद करू नका, बिचाऱ्या आधीच उपाशी आहेत.
मी ११ वर्षं ह्या डायबेटिसच्या बिऱ्हाडासोबत राहतोय म्हणून सांगतो. फक्त सकाळचा आकडा बघून जेवणातलं काय चुकतंय ते कळत नाही. पहाटे शरीर आपलं आपणच उठायची तयारी करतं, कॉर्टिसोल वगैरे हार्मोन वाढतात, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, त्यामुळे रात्री काही न खाता सुद्धा फास्टिंग चढं येऊ शकतं. जेवणाचा हिशेब बघायचा तर जोडीने बघायचं, खाण्याआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा. रोज सगळ्या जेवणांना करायची गरज नाही, मशीनची स्ट्रिप वीसेक रुपयाला एक पडते, परवडायला पण पाहिजे. एक दिवस नाश्ता, दुसऱ्या दिवशी दुपार, तिसऱ्या दिवशी रात्र, आठवड्याभरात चित्र समोर येतं.
माझं सांगतो, कांदेपोहे खाल्ले तेव्हा आधी १२६ आणि नंतर २१४. त्याच बशीत मुगाचं धिरडं आणि ताक, तर १२२ वरून १५१. पोहे म्हणजे तांदूळच हो शेवटी, पण आपल्या डोक्यात तो नाश्ता असतो, भात नसतो.
भाकरीचं म्हणाल तर एकदा पीठ वजनकाट्यावर ठेवा. आमच्या हिची भाकरी ७० ग्रॅम पिठाची निघाली आणि फुलका २५ ग्रॅमचा. म्हणजे एक भाकरी जवळजवळ तीन फुलक्यांना भारी. ज्वारीत फायबर आहे, पोट भरतं, सगळं मान्य, पण पिठात सत्तर टक्के कार्बच, म्हणजे पिष्टमय भागच आहे. भाकरी म्हटलं की कितीही चालते असं नाही, तिथेच बरेच जण फसतात.

नेरुळकर_काकू
मला तर बाई कारल्याचा रस आणि मेथीचे दाणे भिजवून खाल्ल्याने खूप फरक पडला. आणि नाचणीचं सत्त्व द्या रोज सकाळी, कॅल्शियम पण मिळतं. चहात साखरेऐवजी गूळ घालायचा, गूळ चालतो.

तलावपाळीचा_भटक्या
काकू रागावू नका पण गूळ अजिबात चालत नाही. गूळ, मध, काकवी सगळी साखरेचीच भावंडं, मशीनला आडनाव कळत नाही. नाचणीची भाकरी एकवेळ ठीक पण सत्त्व म्हणजे गाळून बारीक केलेलं पीठ पातळ शिजवून प्यायचं, ते झपकन चढतं. मी तपासून बघितलंय, पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. मेथी खा, चांगलीच आहे, फक्त गोळीची जागा ती घेणार नाही.

नेरुळकर_काकू
बरं. तरी माझी शुगर कंट्रोलमध्ये आहे एवढं सांगते.

काटेरी_करटुलं
मिसळ मटकीची असते, म्हणजे प्रोटीन, बरोबर ना? एका गरजूला उत्तर हवंय.

तलावपाळीचा_भटक्या
मटकी खा, पाव आणि फरसाण माझ्याकडे पाठव.

लॅबवाली_वाशी
मी १४ वर्षं लॅबमध्ये सँपल घेते. ताई, वरची भाकरीची चर्चा सगळी नंतर करा, आधी मला सांगा, सासूबाई ग्लिमेपिराइड घेऊन जेवत नाहीत आणि मध्यरात्री घामाघूम होऊन उठतात, गारवा असताना? हे टेन्शन नसू शकतं, शुगर खाली जात असू शकते. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही, पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही ते त्याला ठाऊक नसतं. घाम, थरथर, छातीत धडधड, उगाच चिडचिड, ही सगळी लक्षणं लो शुगरची पण आहेत.
आज रात्री उठल्या की लगेच बोट टोचा. ७० च्या खाली आलं तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, किंवा ग्लुकोज पावडर, १५ मिनिटांनी परत बघायचं, अजून कमीच असेल तर परत द्यायचं आणि सुधारलं की थोडं खायला द्यायचं. चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. उठवून उठत नसतील, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल. आणि आकडा काही का येईना, जेवण सोडलंय हे उद्याच डॉक्टरांना फोन करून सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि गोळी घेऊन उपाशी तर बिलकुल राहायचं नाही.

आता २४१ बद्दल. त्या डबा भरून झाल्यावर टोचतात ना, त्या दिवशी डब्यात फळ होतं का? आंबा-केळं चिरलेल्या बोटाला साखर चिकटलेली असते, थेंबात ती पण मोजली जाते. आमच्याकडे असले किस्से भरपूर, माणसं घाबरून पळत येतात आणि शिरेतलं रक्त तपासलं की १३० निघतं. हात साबणाने धुवून नीट कोरडे करायचे, बोटाच्या टोकावर नाही तर कडेला टोचायचं, तिथे दुखतं पण कमी. स्ट्रिपची डबी लगेच घट्ट लावायची, ह्या दिवसांत आपल्याकडची हवा म्हणजे ओलं फडकं. आणि घरच्या मशीनला १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते, त्यामुळे १४८ चं १५६ झालं म्हणून जेवण टाकायचं काही कारण नाही.
अजून एक, जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. हे लॅबला येणाऱ्या दहातल्या आठ जणांना सांगावं लागतं.

कळव्याची_सून
बापरे. आज अलार्म लावते.

कळव्याची_सून
सहा दिवसांनी लिहितेय, सॉरी. त्याच रात्री पावणेतीनला उठल्या, हात थरथरत होते, बघितलं तर ६१. माझेच हात त्यांच्यापेक्षा जास्त कापत होते. साखरपाणी दिलं, १५ मिनिटांनी ८८, मग दूध आणि अर्धी पोळी. सकाळी डॉक्टरांना फोन केला, आधी तर जेवण का सोडलं म्हणून दोघींना बोलणी बसली, मग रात्रीच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड काढून नुसतं मेटफॉर्मिन ठेवलं आणि वेळेवर जेवायला सांगितलं. तेव्हापासून घाम नाही, एकदा मुद्दाम तीनला तपासलं तर ११८.
२४१ च्या दिवशी डब्यात केशर आंब्याच्या फोडी होत्या. विचारलं तर म्हणाल्या, हात पुसले होते ना पदराला.
फास्टिंग मात्र १४० च्या आसपासच आहे. डॉक्टर म्हणाले एचबीए१सी तीन महिन्यांनी परत करू, तोवर रोजच्या आकड्याला कवटाळून बसू नका. जोडीने तपासणं सुरू केलंय, दुपारी दोन भाकऱ्या खाल्ल्यावर १३२ वरून २०८, एक भाकरी, वाटीभर मुगाची उसळ आणि काकडीची कोशिंबीर तर १३० वरून १६४. आता त्यांनाच त्यात मजा यायला लागलीये, काल शेजारच्या काकूंना पण टोचलं, आकड्यापेक्षा लॅन्सेट (टोचायची सुई) नवीन लावली का हे मी आधी विचारलं.

लॅबवाली_वाशी
लॅन्सेटचं बरं विचारलंत, ती आणि ते टोचायचं पेन दोन्ही एकाचंच असायला हवं, नवीन सुई लावून सुद्धा पेन दुसऱ्याला वापरू नका. आणि ६१ वाचून मला इथे घाम फुटला.

तलावपाळीचा_भटक्या
जेवल्यावर १५ मिनिटं सोसायटीतच चालायला सांगा, पाऊस असेल तर पॅसेजमध्ये. माझे वीस-तीस पॉइंट त्यानेच उतरतात, तलावपाळीला एक फेरी मारतो आणि चणेवाल्याकडे बघत नाही.

कळव्याची_सून
सांगते. त्यांचा एकच प्रश्न आहे, भात परत सुरू करायला डॉक्टर हो म्हणालेत, एक वाटी. त्या विचारतायत वाटी कुठली?

तलावपाळीचा_भटक्या
आमटीची. दाबून भरायची नाही. आणि पंगतीसारखा पहिला वरणभात नको, आधी कोशिंबीर, भाजी, उसळ, भात शेवटी. माझ्या आईने हे ऐकलं असतं तर ताटावरून उठवलं असतं मला.

कळव्याची_सून
दाबून भरायची नाही म्हटल्यावर चेहरा पडलाय. पण वाटी घासून ठेवलीये.