डोळा लवणं गालापर्यंत उतरलं असेल तर थांबू नका

वहिनींचा डावा डोळा २ महिने लवतोय आणि आता ओठाचा कोपराही ओढला जातो, हे तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही. माझ्या आईचं असंच सुरू झालं. बाईचा डावा डोळा लवणं शुभ, म्हणून आम्ही कुणीच मनावर घेतलं नाही. मग एकदा मंडईत गवार निवडताना तिचा अख्खा गाल ओढला गेला, मिटलेला डोळा उघडेचना. झोपेतही गाल थरथरायचा.

असा अर्धा चेहरा ओढला जाण्याला हेमिफेशियल स्पॅझम म्हणतात. बहुतेकदा चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस (मेंदूची सातवी नस) मेंदूतून निघते तिथेच एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. ठोक्यागणिक दाब बसून नसेचं आवरण झिजतं आणि ती भलतेच संदेश सोडू लागते. नुसती पापणी थकव्यानेही लवते, ती आपोआप थांबते. पण गाल ओढला जात असेल तर न्यूरॉलॉजिस्टच (मेंदू आणि नसांचे डॉक्टर) गाठा, एमआरआय करून घ्या. आईला बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी खूप आराम पडला. दर ३-४ महिन्यांनी घ्यावी लागतात. नस आणि रक्तवाहिनीमध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवायची शस्त्रक्रियाही आहे.

वहिनींना पूर्वी चेहऱ्याचा लकवा होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यानंतर नसेचे तंतू कधी कधी चुकीच्या स्नायूंना जोडले जातात आणि हसलं की डोळा मिटतो.