लिहिलं आणि पुसलं: तुमचे अनुभव सांगा

रानवारा
गेल्या आठवड्यात भाच्याने आमच्या गावच्या डोंगरकापणीचे फोटो फेसबुकवर टाकले. जेसीबी, लाल मातीचा ढीग आणि खाली कुळागराचा (पोफळीच्या बागेचा) अर्धा बुजलेला पाट. सोबत दोनच ओळी: "परवानगीचा फलक कुठे दिसत नाही. पंचायतीने खुलासा करावा." कोणाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. संध्याकाळी त्याच्या वडलांना फोन आला. पोराला समजवा, केसबिस झाली तर नोकरीला अडचण येईल. जेवणं व्हायच्या आत पोस्ट गेली. वरून हुकूम आला असता तर निदान भांडता तरी आलं असतं, इथे पुसणारा हात घरचाच.

तेव्हापासून आजोबा आठवतायत. गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा, १८ जून १९४६ ला, मडगावच्या सभेला गेलेल्यांपैकी ते एक. सभाबंदी मोडून डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि त्यांना पकडलं, डॉ. ज्युलियांव मिनेझिसनाही. पाऊस कोसळत होता, भाषण धड कानावर आलं नाही, तरी माणसं हलली नाहीत, असं ते सांगायचे. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राज्यात वर्तमानपत्राचा मजकूर छापण्याआधी सेन्सॉरकडे जायचा. लग्नाची पत्रिकासुद्धा दाखवून आणावी लागे, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. आपण दर क्रांतिदिनी, १८ जूनला, मडगावच्या लोहिया मैदानावर हार घालतो. ती चळवळ आधी तोंड उघडायच्या हक्कासाठी होती, हे पोरांना सांगायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे. एखादा मजकूर काढायचाच असेल तर उघड काढा, कारण लेखी द्या आणि ज्याने लिहिलं त्याचं आधी ऐका. तुम्ही काय लिहून पुसलंत? कोणी पुसायला लावलं? आणि ज्यांना वाटतं की काही गोष्टी पुसायलाच हव्यात, त्यांनीही लिहा. मला ऐकायचंय.

सुंगटाचं हुमण
वाचलं गो. तव्यावर बांगडे आहेत, रात्री लिहिते.

तिसवाडीकर
आमच्या वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर आता फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो. पाण्याचा टँकर कधी येणार ते विचारायचीही सोय नाही. अ‍ॅडमिन आमचा मावसभाऊ, बिचारा घाबरलाय. कोणीतरी सांगितलं की दुसऱ्याने काही टाकलं तर तुला आत टाकतील. आधी त्याच ग्रूपवर चतुर्थीच्या माटोळीचे (गणपतीवर रानफळं टांगतात त्या चौकटीचे) फोटो यायचे, त्यातल्या कांगलां-माट्टुल्यांची ओळख पटवण्याची स्पर्धा लागायची. सगळं गेलं.

कोर्टाच्या पायऱ्या
@तिसवाडीकर, मावसभावाला सांगा, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केलंय: सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. त्याचा स्वतःचा त्यात हात असला पाहिजे. ग्रूप उघडा म्हणावं.

तिसवाडीकर
खरंच? आत्ता फोन करतो.

कोर्टाच्या पायऱ्या
आता माझा अनुभव. मी वकिलीची नवीन सनद घेतलेली तेव्हाची गोष्ट. एक आई आपल्या मुलाचा फोन रुमालात गुंडाळून घेऊन ऑफिसात आली होती. फोन कसलातरी पुरावा आहे आणि आपण तो हाताळला तर अजून गुन्हा होईल असं तिला वाटत होतं. मुलाने एका पुढाऱ्यावरचं व्यंगचित्र नुसतं पुढे पाठवलं होतं. चौकशीला बोलावणं आलं, त्यात कलम ६६अ.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: आयटी कायद्यातलं हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आलं. मजकुरामुळे कोणाला "त्रास" किंवा "गैरसोय" झाली तरी तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास म्हणजे किती, हे ठरवणार कोण? ठाण्यातला माणूस. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना याच कलमाने पकडलं, एकीने बंदवर पोस्ट लिहिली होती आणि दुसरीने ती लाईक केली होती. २०१४ च्या निवडणुकीच्या सुमारास आपल्या गोव्यातल्याच एका जहाजबांधणी इंजिनियरवर फेसबुकवरच्या लिखाणावरून गुन्हा नोंदला गेला, त्यातही ६६अ होतं. शेवटी २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवलं.

आणि तरीही गुन्हे नोंदले जात राहिले! मेलेलं कलम. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. मला याचा आजही संताप येतो. त्या आईची झोप कोण परत देणार?

रानवारा
काटा आला. त्या मुलाचं काय झालं?

कोर्टाच्या पायऱ्या
सुटला. पण समाजमाध्यमांवर परत कधी आला नाही. चित्रं काढायचा तो, फार सुरेख.

कळंगुटची वाट
माझा अनुभव स्वतःचा नाही, शेजारच्या दुकानदाराचा. काश्मिरी, शाली आणि कागदाच्या लगद्याच्या डब्या विकतो. माणूस एवढा अबोल की वर्षानुवर्षं शेजारी असून आमचं बोलणं चहापुरतंच.

ऑगस्ट २०१९. पावसाळा, गिऱ्हाईक नाही, मालावर प्लास्टिक घालून बसलेला. ५ ऑगस्टपासून त्याचा घरी फोन लागेना. काश्मीरमध्ये मोबाईल, लँडलाईन, इंटरनेट, सगळं बंद. त्याची बहीण दिवसांवर होती. तो दर अर्ध्या तासाने नंबर फिरवायचा, रिंगही जात नसे, नुसतीच ती रेकॉर्ड केलेली बाई. मी विचारलं तर म्हणाला, "भाभी, शायद कल लग जाए." रोज तेच उत्तर. बाळ झाल्याचं त्याला एका नातेवाइकाने दिल्लीला आल्यावर फोन करून सांगितलं, तोवर बाळाचं नावही ठेवून झालेलं. पोस्टपेड मोबाईल ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाले, टूजी जानेवारी २०२० मध्ये, फोरजी थेट फेब्रुवारी २०२१ ला. मधल्या टाळेबंदीत त्याचे भाचे टूजीवर शाळा शिकले. व्हिडिओ उघडायचाच नाही.

सेन्सॉर म्हटलं की लेखक, पत्रकार डोळ्यांसमोर येतात. मला तो फोन कानाला लावून बसलेला माणूस दिसतो. त्याला कुठे काय लिहायचं होतं? त्याला फक्त "मुलगा की मुलगी" विचारायचं होतं.

अबोली
😢 मामा झाल्याचं असं कळावं.

कोर्टाच्या पायऱ्या
त्यावरच अनुराधा भसीन खटला झाला. १० जानेवारी २०२० चा निकाल: इंटरनेटवरून बोलणं हेही घटनेच्या कलम १९ खाली संरक्षित, बेमुदत बंदी चालणार नाही, आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील. निकाल चांगला, पण तेवढ्याने इंटरनेट पूर्ववत झालं नाही, ते वर आलंच.

वेर्णा नाईटशिफ्ट
मी मूळचा धुळ्याचा, इथे कंपनीत आहे. मला सगळ्यांपेक्षा वेगळं बोलायचंय, रागावू नका.

१ जुलै २०१८, राईनपाडा. साक्री तालुका, आमच्याच जिल्ह्यातला. पाच माणसं मारली जमावाने. भिक्षा मागून जगणारे गरीब लोक. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होते. मला स्वतःला ते मेसेज आले होते, शेजारणीने आईलाही वाचून दाखवले होते. त्या दिवशी कोणी अर्धा दिवस ते सगळं बंद केलं असतं तर पाच घरं उघडी पडली नसती. तुम्ही स्वातंत्र्य म्हणता, मला ते पाच जण आठवतात. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं केलं. तीही मर्यादाच ना? कोणाचं काय बिघडलं?

रानवारा
@वेर्णा, रागावणार कशाला. तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं. पण मला दोन्ही एक वाटत नाहीत हो. फॉरवर्डची मर्यादा सगळ्यांना दिसते, का घातली ते माहीत आहे, आणि त्यात कोणाचं लिहिणं पुसलं जात नाही. आणि मेसेज खोटा आहे हे गावोगाव सांगायलाही तोच फोन लागतो. सगळं बंद केल्यावर अफवा तोंडी फिरतेच, खुलासा मात्र अडकतो.

वेर्णा नाईटशिफ्ट
खुलासा पोचेपर्यंत माणूस मरतो ताई. मी माझ्या मतावर आहे. शिफ्टला निघालो.

सुंगटाचं हुमण
आले. मुलं झोपली.

मी पुसायला लावणाऱ्यांतली आहे, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. माझ्या बहिणीच्या लग्नातला फोटो घेऊन कोणीतरी तिचा चेहरा भलत्याच शरीराला लावला. खोटं खातं, खाली तिच्या कॉलेजचं नाव. ती खोलीतून बाहेर येईना. आई देवळात जाऊन बसायची. मी रात्री-रात्री तक्रारीचे फॉर्म भरत होते आणि "आमच्या निकषांचं उल्लंघन आढळलं नाही" असं उत्तर येत होतं. शेवटी सायबर पोर्टलवर तक्रार केली, एका ओळखीच्या मुलाने सांगितलं की २०२१ च्या आयटी नियमांत अशा फोटोंसाठी कंपनीला मुदत घालून दिलीय (तेव्हा ती २४ तासांची होती), तो नियम लिहून पाठव. पाठवला. दुसऱ्या दिवशी खातं गेलं.

म्हणून मला "सगळंच राहू द्या" म्हणणाऱ्यांचं पटत नाही. पण रानवाराचं पटतं, कारण मी केलं ते नावानिशी केलं, नियम दाखवून केलं. तिच्या भाच्याच्या बाबतीत कोणी नियम दाखवला? नुसता फोन. बाईच्या अब्रूसाठी एवढे हेलपाटे आणि डोंगराचा फोटो एका फोनवर जातो, हे मला सहन होत नाही.

अबोली
बहीण कशी आहे आता?

सुंगटाचं हुमण
बरी आहे गो. शिकवते. फोटो अजून काढू देत नाही.

कळंगुटची वाट
तिला माझ्याकडून मिठी.

तिसवाडीकर
ग्रूप उघडला!! पहिला मेसेज टँकरचाच.

सत्तरीचा पोर
लोहियांचं निघालं म्हणून. आमच्या वडलांच्या घरी रेडिओ होता, लपवून ठेवलेला, भाताच्या कणगीच्या मागे. नोव्हेंबर १९५५ ते डिसेंबर १९६१, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलात राहून स्वातंत्र्याचं रेडिओ केंद्र चालवलं, कोकणी आणि पोर्तुगीजमधून. वडील म्हणायचे आवाज इतका बारीक ठेवायचे की कान लाकडाला चिकटवावा लागे. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला तेव्हा तोच रेडिओ ओसरीवर आणून मोठ्याने लावला. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मी तो पुसून देव्हाऱ्याशेजारी ठेवला. वाजत नाही आता.

अबोली
कुठला आहे? मर्फी? आमच्याकडे होता तसा, समोर कापड लावलेला.

सत्तरीचा पोर
नाव खरवडलं गेलंय. व्हॉल्व्हचा आहे एवढं नक्की.

मांडवीकाठ
२०१७ च्या इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, ज्युरींनी निवडलेले दोन चित्रपट भारतीय चित्रपटांच्या पॅनोरमा विभागातून मंत्रालयाने काढले, त्यातला एक मराठी. पणजीत रांगेत उभं राहून आम्ही तेवढंच बोलत होतो.

दुसरं, माझी मुलगी. २०२० ला गोव्यातलं मोलेचं जंगल वाचवण्यासाठी पत्रं पाठवणाऱ्या पोरांत ती होती. त्याच जुलैत पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या नियमांच्या मसुद्याविरुद्ध मोहीम चालवणारी काही संकेतस्थळं उघडेनाशी झाली. तिला वाटलं आमचं वायफाय गेलंय. राउटर बंद-चालू करत बसली होती. बाकी सगळं चालू होतं. तिचा चेहरा बघवेना. म्हणाली, "बाबा, आम्ही फक्त ईमेल पाठवायला सांगत होतो."

कोर्टाच्या पायऱ्या
हाच मुद्दा मला सगळ्यात टोचतो. सरकार आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली संकेतस्थळं बंद करू शकतं, आणि २००९ च्या नियमांतला नियम १६ म्हणतो की तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायची. मग ज्याचं बंद झालं त्याने आव्हान द्यायचं कशाला, कोणता कागद हातात धरून? थोडी आशा वाटावी असंही घडलंय. सरकारविषयीचं काय खोटं ते सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवायचं, अशी आयटी नियमांतली २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

रानवारा
वकीलबाई, भाचा आता पोस्ट परत टाकायची म्हणतोय. वहिनी घाबरलीय. खरंच नोटीस आली तर काय करायचं?

कोर्टाच्या पायऱ्या
घाबरू नये, पण तयारी ठेवावी. फोटोंची मूळ फाईल तारखेसकट जपून ठेव म्हणावं. परवानगीची माहिती पंचायतीकडे माहिती अधिकारात मागा, म्हणजे पोस्टमागे कागद उभा राहील. हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलंय. कागदावर आली तर मात्र टाळू नका, वकील घेऊन जा. आणि सर्वोच्च न्यायालयाचा २८ मार्च २०२५ चा निकाल लक्षात ठेवा: कवितेच्या व्हिडिओवरून नोंदलेला गुन्हा रद्द करताना न्यायालय म्हणालं की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करावी. अर्ज लिहायला मी मदत करते, पैसे नकोत.

रानवारा
देव बरें करूं.

मांडवीकाठ
अर्जाचा नमुना इथेही टाका, आमच्या गावात तीच परिस्थिती आहे.

वेर्णा नाईटशिफ्ट
ब्रेकमध्ये वाचलं सगळं. @सुंगटाचं हुमण, बहिणीला नमस्कार सांगा. नमुना मलाही हवा. माझं मत तेच आहे, पण डोंगराचा फोटो काढायला लावणं चूकच.

अबोली
@सत्तरीचा पोर, म्हापशाला आमच्या ओळखीचे एक म्हातारे काका व्हॉल्व्हचे रेडिओ अजून दुरुस्त करतात. शुक्रवारी बाजाराला याल तेव्हा घेऊन या, मी सोबत येते. मागची पट्टी उघडून फोटो पाठवलात तर व्हॉल्व्ह मिळतील का ते आधीच विचारून ठेवते.