मदत हवी आहे: गेमिंगसाठी हेडसेट कुठला घेऊ?

मंडळी, पीसीवर व्हॅलोरंट (टीमनं खेळायचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम) खेळायला हेडसेट बघतोय. बजेट पाच हजारापर्यंत, वायरचाच पाहिजे. ब्लूटूथला आवाज मागनं येतो, तोवर समोरच्यानं आपला कार्यक्रम केलेला असतो.

दोनांवर येऊन अडकलोय: हायपरएक्स क्लाउड स्टिंगर २ आणि रेझर ब्लॅकशार्क व्ही२ एक्स. दोन्हीला ५० मिमीचे ड्रायव्हर (म्हणजे आतले छोटे स्पीकर), दोन्ही ३.५ मिमी जॅकचे. रेझर २४० ग्रॅमचा, म्हणजे जरा हलका. पावलांचा आवाज डावीकडनं आला का मागनं, हे कशात नीट कळतं? ७.१ सराउंडचं (चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास देतात ते) मला फारसं कौतुक नाही, चांगला स्टिरिओ पुरे.

खरी अडचण चष्म्याची. आत्ताच्या हेडसेटनं काडी कानावर रुतते, आणि कुशनचं रेक्झिन सोलून काळे पापुद्रे गालाला चिकटतात. उन्हाळ्यात तर विचारू नका. कापडी कुशन वेगळं मिळतं का?

माइकचंही सांगा. खोली रस्त्याच्या बाजूला, पंखा कायम चालू. टीममधली पोरं म्हणतात, एसटी स्टँडावरनं बोलतोयस काय!

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत कुठं डोक्याला लावून बघू देतात का? ऑनलाइन स्वस्त पडेलही, पण न घालता घ्यायचं धाडस होईना. स्वतः वापरलेल्यांनीच सांगा राव.