कडू ब्रिस्केट आणि झाकणाची काजळी

तुमचं ब्रिस्केट, म्हणजे धुरावर शिजवलेलं गाईच्या छातीचं मांस, कडू झालं म्हणून हिकरीच्या लाकडाला दोष देऊ नका. कडवटपणा येतो तो कोंडलेल्या धुराने. लाकूड ओलं असलं आणि स्मोकरच्या (धुरावर मांस शिजवायच्या बंद भट्टीच्या) झडपा बंद असल्या की पांढरा दाट धूर निघतो आणि झाकणाला आतून चकचकीत काळा थर धरतो. इथे टेक्सासात गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे त्याच थराचे पापुद्रे थेट मांसावर पडले. पाहुणे यायचे होते, मी सात तास आगीपाशी बसले होते, फार वाईट वाटलं. आता स्मोकर कोमट असतानाच झाकण आतून खरवडून घेते, आणि धूर विरळ, निळसर झाल्याशिवाय मांस आत ठेवत नाही.

मांसातून गळलेल्या चरबीचं भांडं दर वेळी रिकामं कराच. तिथे भडका उडाला तर पाणी अजिबात ओतू नका. झाकण आणि सगळ्या झडपा लावून हवा बंद करा.

राखही पूर्ण विझली की लगेच काढा. ती दमट हवेत ओल धरते आणि पत्रा गंजतो. माझ्या जळणाच्या पेटीला खालच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं भोक पडलंय.