ट्रॅजेडिएन म्हणजे नक्की कोण?

एक इंग्रजी लेख मराठीत करतेय, कॉलेजच्या अंकासाठी. त्यात राशेल नावाच्या जुन्या फ्रेंच नटीला ट्रॅजेडिएन म्हटलंय. मी आधी 'शोकांतिका' लिहिलं तर आईने वाचून हसायलाच सुरुवात केली. मग 'ट्रॅजेडी क्वीन' लिहू का? इथे मडगावात कोणालाही विचारलं की गाडी थेट मीनाकुमारीवर जाते.

— बाय, आई हसली ते बरोबरच. शोकांतिका म्हणजे नाटक, बाई नव्हे. गायिका, लेखिका, नायिका यांच्या पंगतीत बसल्यासारखा दिसतो म्हणून फसायला होतं, पण तो शब्द नाटिका-एकांकिकांच्या घरातला. ट्रॅजेडिएन ही शोकांतिकेत काम करणारी नटी, पुरुष असेल तर ट्रॅजेडियन. शब्द फ्रेंचमधून १९व्या शतकात इंग्रजीत आला. गंमत म्हणजे ट्रॅजेडियन हा नट पण असतो आणि शोकांतिका लिहिणारा पण, ट्रॅजेडिएन मात्र फक्त रंगमंचावरची.

आता क्वीनचं. मीनाकुमारीला ती पदवी लागली त्यात तिच्या भूमिका किती आणि तिचं आयुष्य किती हे कोणीच वेगळं करत नाही, ३९व्या वर्षी गेली, १९७२ साली, आणि लोकांनी दोन्ही एकत्र कालवलं. ट्रॅजेडिएनमध्ये तसं काही नाही. घरी मजेत असली, चार पोरं आणि बँकेत पैसा असला तरी ती ट्रॅजेडिएनच, कारण तो कामाचा प्रकार आहे. आमच्याकडे जत्रेच्या नाटकाला गावचेच लोक उभे राहतात आणि स्त्री भूमिकेला नटी बाहेरून ठरवतात ना, तेव्हा पहिला प्रश्न असतो गाणारी आहे की नुसती बोलणारी, आणि दुसरा, रडण्याचा प्रवेश पेलेल का. तो दुसरा प्रश्न ज्या बाईबद्दल विचारावाच लागत नाही ती ट्रॅजेडिएन.

लंडनची सेरा सिडन्स घे. १७८४ साली चित्रकार रेनल्ड्सने तिला चक्क शोकनाट्याची देवता म्हणून रंगवलं. १८१२ च्या जूनमध्ये तिचा निरोपाचा प्रयोग होता, शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'मधली लेडी मॅकबेथ. झोपेत चालण्याचा प्रवेश संपला आणि प्रेक्षकांनी पुढचं नाटक होऊच दिलं नाही, ती गेली म्हणजे संपलं, बाकीच्या नटांनी काय करायचं ते करा! तुझी राशेल तिच्यानंतरची, ग्रीक-रोमन कथांवरची जुनी फ्रेंच नाटकं गाजवणारी, १८५८ साली क्षयाने गेली तेव्हा चाळिशी पण गाठली नव्हती.

— मग आपल्याकडची सगळ्यात मोठी ट्रॅजेडिएन म्हणजे बालगंधर्वच की! 'एकच प्याला'तली सिंधू, ती जात्यावर दळताना गाते तो प्रवेश, माझी आजी सांगायची तेव्हा तिच्याच डोळ्यात पाणी. १९१९ चं नाटक ते.

— हो दादा, पण तिथे हा शब्द बसत नाही. त्याला आपल्या कंपन्यांचा स्वतःचा शब्द होता, स्त्रीपार्टी. राजापार्टी तसा स्त्रीपार्टी. पेडण्याकडे दशावतार बघायला गेलात तर अजून ऐकू येईल, लुगडं नेसून उभा असतो तो पुरुषच. पण स्त्रीपार्टी म्हटल्यावर बाईचं काम करणारा एवढंच कळतं, रडवणारा की हसवणारा ते नाही कळत. म्हणजे आपण पात्र कोणाचं ते बघून नाव दिलं, युरोपवाल्यांनी रस बघून दिलं.

आणि वापराबद्दल एक. इंग्रजीत हा शब्द आता जुनाट वाटतो, त्यांच्याकडे बऱ्याच बायका आता स्वतःला सरळ ॲक्टर म्हणवून घेतात. आपल्याकडे नटीचं तेच झालं. संस्कृत नाटकात सूत्रधाराच्या बाजूला मानाने उभी राहणारी नटी, आज पेपरात कोणाला नटी लिहून बघा, फोन येईल. अभिनेत्रीच लिहावं लागतं. (जत्रेच्या कमिटीत मात्र अजून 'नटी ठरली का' असंच विचारतात, आणि त्यात कोणाला काही वाटत नाही.)

तर बाय, लेखात पहिल्यांदा 'शोकनाट्यांत गाजलेली अभिनेत्री' असं लिही आणि पुढे बिनधास्त ट्रॅजेडिएन ठेव. शोकनायिका नको हां, ती नाटकातली बाई, म्हणजे सिंधू. ते काम करणारी नव्हे.

— देव बरें करूं, तसंच करते. आईला दाखवते आता.